बटण कोणी दाबलं?

फोटो काढणाऱ्या माणसाला लोक फोटोवालाच म्हणतात. त्याचं नाव विचारायची कोणाला गरज पडत नाही. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे नुरुद्दीन शेखचं दुकान होतं. सत्तावीस वर्षं त्या माणसानं अर्ध्या गावाची तोंडं काढली. लग्नातली, बारशातली, परीक्षेच्या फॉर्मवरची, मतदार ओळखपत्रावरची आणि मेल्यावर हार घालून भिंतीवर टांगायची. त्यातल्या एकाही फोटोखाली त्याचं नाव नव्हतं. का असावं म्हणा? नवरदेवाच्या फोटोखाली फोटोवाल्याचं नाव कोण छापतो? पण याच्या मनानं एकच गोष्ट धरून ठेवली होती. मरायच्या आधी एक तरी फोटो असा निघावा की त्याच्याखाली छापील अक्षरांत लिहिलेलं असेल, छायाचित्र नुरुद्दीन शेख. एकच. दुसरा मागणार नाही, असं तो बायकोजवळ शपथ घेऊन सांगायचा.

त्याचे अब्बा सुतार होते. मुलगा कॅमेरा घेऊन बसला तेव्हा म्हातारा चार दिवस बोलला नव्हता. पाचव्या दिवशी म्हणाला, "अरे, खुर्चीखाली तरी मी माही दोन अक्षरं डागतो. तुह्या कामावर तुही निशाणी कुठी राहीन?" तो प्रश्न नुरुद्दीनच्या मागेच लागला.

सुताराचं पोर असल्यामुळं एक मात्र झालं. लाकूड त्याला कळायचं, आणि त्यातूनच त्याचा तो स्टँड आला. इंग्रजीत ट्रायपॉड म्हणतात, आपल्याकडं कॅमेऱ्याखालच्या तीन पायांना सगळे स्टँडच म्हणतात. त्याचा पहिला स्टँड नागपूरहून आणलेला, अॅल्युमिनियमचा, चकचकीत, एका बोटावर उचलला जाईल असा. दुकानदारानं कौतुकानं सांगितलं होतं, हवाई जहाजाच्या धातूचा आहे म्हणून. असेलही, कारण वाऱ्याची झुळूक आली की तो उडायलाच बघायचा. एका शाळेचा दहावीचा ग्रुप फोटो होता. झाडाखाली ब्याऐंशी मुलं, उजेड कमी, शटर मंद ठेवलेलं, आणि नेमका वारा आला. फोटो धुऊन आला तेव्हा प्रत्येकाला दोन नाकं. हेडमास्तर तो कागद घेऊन दुकानात आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "नुरुभाई, यातलं माझं तोंड कोणतं ते दाखवून द्या, म्हणजे मी निघतो." त्या दिवशी नुरुद्दीन जेवला नाही.

मग कोळशाच्या खाणीतल्या मोजणीवाल्यांचं जुनं सामान भंगारात निघालं. त्यात तीन लाकडी स्टँड होते, दुर्बीण ठेवून जमीन मोजायचे. भंगारवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक तिन्ही उचलून वजन बघेल आणि हलका घेईल. यानं काय करावं? भंगारवाल्याच्याच माठातलं पाणी एका वाटीत काठोकाठ घेतलं, वाटी स्टँडच्या डोक्यावर ठेवली आणि पायाला टिचकी मारली. पाणी थरथरत राहिलं, थरथरत राहिलं. दुसऱ्यावर ठेवली, त्याच्या सांध्यातच जीव नव्हता. तिसऱ्यावर ठेवून टिचकी मारली आणि बिस्मिल्ला म्हणेपर्यंत पाणी गप्प. "हा द्या," नुरुद्दीन म्हणाला. भंगारवाला म्हणाला, "बावा, तो तं सगळ्यात जड हाय." नुरुद्दीन म्हणाला, "म्हणूनच."

घरी आणला तर अख्तरी, त्याची बायको, कमरेवर हात ठेवून उभी. "अजी, हे काय? मोजणी खात्यात नोकरी लागली काय तुमाले?" पण तिनंच जुन्या साडीची खोळ शिवून दिली. यानं वरच्या पितळी तबकडीवर कॅमेरा बसवायची मुंडी बसवून घेतली, पायांना तेल पाजलं, खालची लोखंडी टोकं घासली. सागवानी लाकूड, नऊ किलोच्या वर वजन. लग्नाच्या मांडवात तो खांद्यावर घेऊन आला की पोरी हसायच्या. हसू द्या. त्या दिवसापासून नुरुद्दीनच्या फोटोत कोणाला दुसरं नाक आलं नाही.

वापरायची रीतही त्यानं स्वतःच शोधली होती. स्टँड जितका उंच तितका जास्त डोलतो, म्हणून काम भागेल तितका बुटका ठेवायचा. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला, एक वर. पाल्यावर कधी टेकवायचा नाही, आधी पाला सारायचा आणि कडक माती लागेपर्यंत टोक दाबायचं. मधोमध पिशवीत दगड भरून लटकवायचा, पण पिशवीचं बूड भुईला टेकलेलं पाहिजे, नाहीतर वाऱ्यानं तीच झोके घेते. हे सगळं त्यानं एकाच माणसाला शिकवलं होतं, हात धरून, जीव लावून. त्या माणसाचं नाव प्रफुल नाकाडे.

प्रफुल कुरखेड्याचा. घरची धानाची गिरणी. चंद्रपुरात कॉलेजला आला तेव्हापासून याच्या दुकानात पडीक. पुढं गिरणी सांभाळू लागला, लग्न झालं, तरी पंधरा दिवसांनी एक चक्कर ठरलेली. त्याच्याकडं कॅमेरा भारी, लेन्स हातभर लांब, मोटारसायकल होती. नव्हती ती सबुरी. पाखरू दिसलं की हा कॅमेरा उचलून धडाधड काढायचा आणि सगळे फोटो हललेले. नुरुद्दीन म्हणायचा, "परफुल, पाखराच्या मागं पळू नको बापा. पाखरू जिथी येणार हाय तिथी तू आधी जाऊन बस." ईदेला शीरखुर्म्याची पहिली वाटी प्रफुलची. अख्तरीला तो भाभी म्हणायचा आणि तिच्या हातच्या लोणच्याची बरणी हक्कानं उचलून न्यायचा. अकरा वर्षांचं हे असं होतं. सख्ख्या भावाचं तरी याहून काय वेगळं असतं, सांगा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका वनप्रेमी मंडळानं स्पर्धा काढली. चंद्रपूर आणि शेजारचा अशा दोन जिल्ह्यांतल्या जंगलाचे फोटो मागवले होते. त्यातला पहिला आलेला फोटो नवीन वर्षाच्या कॅलेंडरवर छापणार, खाली काढणाऱ्याचं नाव. नुरुद्दीननं ती जाहिरात कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली. प्रफुल आला तेव्हा याला बोलायचीही गरज पडली नाही. प्रफुलच म्हणाला, "नुरुभाई, हा फोटो तुमचाच. कॅमेरा माहा घ्या, गाडी माही घ्या. तुम्ही फक्त चला." असे शब्द ऐकल्यावर माणसाचा ऊर भरून येणार नाही तर काय होणार?

धानोऱ्याच्या पुढं वारलू नावाचा एक ओळखीचा माणूस होता, मोहफुलं, चारोळी गोळा करणारा. त्यानं आपल्या शेताच्या वरच्या अंगाला एका बेहड्याच्या झाडात धनेशाची ढोली दाखवली. या पाखराची रीत मोठी अजब आहे. मादी झाडाच्या पोकळीत बसते आणि तोंड लिंपून घेते, चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत अंडी, पिल्लं. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून तिला भरवतो. महिनाभराच्या वर तिचं सगळं जगणं त्याच्या येण्यावर. नुरुद्दीननं ते पाहिलं आणि ठरवलं की आपला फोटो हाच. नराच्या चोचीत लाल फळ आणि फटीतून बाहेर आलेली तिची चोच.

काम सोपं नव्हतं. झाडी दाट, खाली दिवसासुद्धा अंधारल्यासारखं. ढोलीवर ऊन यायचं ते चार ते पावणेपाच, तेवढाच काय तो उजेड. त्यातही शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यावर ठेवावं लागणार, म्हणजे स्टँड केसभर हलला तर सगळं मातीत. शिवाय पाखरू बुजलं तर मादी उपाशी राहील, म्हणून एकदम जवळ जायचं नाही. पहिल्या दिवशी पळसाच्या फांद्यांचा आडोसा चाळीस पावलांवर बांधला. रोज पाच पावलं पुढं सरकवला. पाचव्या दिवशी मनासारखी जागा सापडली. एक पाय वारुळाच्या कडेला रोवला, दोन उतारावर, पिशवीत ओढ्यातले गोटे भरले. मग डोळा लावून अर्धा तास चौकट बसवली. ढोली डावीकडं, उजवीकडं नराला बसायला खोडाचा फुगवटा, आणि खालच्या कोपऱ्यात वाळक्या वेलीचं एक वेटोळं, आत घ्यावं की बाहेर ठेवावं यावर त्याचंच त्याच्याशी भांडण. शेवटी घेतलं. सगळे स्क्रू आवळले आणि प्रफुलला म्हणाला, "आता याले हात लावायचा नाई. रोज कॅमेरा काढू, रोज याच खुणेवर बसवू. पाखरू आलं का फक्त कॅमेऱ्याले जोडलेल्या या केबलचं बटण दाबायचं. फोटो झालाच हाय, पाखरू तेवढं यायचं बाकी हाय."

सहाव्या दिवशी आभाळ आलं. सातव्या दिवशी नर आला, पण ऊन गेल्यावर. आठव्या दिवशी धानोऱ्यातल्या मुक्कामाहून येताना प्रफुलची गाडी पंक्चर झाली. पोचायला तीन वाजून गेले. रोज नुरुद्दीन दुपारची जोहरची नमाज आधी पढून मगच आडोशात शिरायचा, त्या दिवशी राहून गेली. दोघं घामानं निथळत बसले. चार वाजले, ऊन ढोलीवर आलं, सोन्यासारखं ऊन. सव्वाचार. साडेचार. नमाजची वेळ सरत आली. नुरुद्दीनचा जीव वर खाली. इथून उठावं तर पाखरू, बसावं तर नमाज कजा, वेळ चुकलेली. प्रफुल कुजबुजला, "जा ना नुरुभाई. मी हाय ना."

"आला तं दाबजो मंग. बिनधास्त दाबजो. कशालेच हात नको लावू, फक्त बटण."

"अजी, तुम्ही जा. मी हाय ना."

मागच्या अंगानं सरपटत तो बाहेर निघाला, ओढ्यावर हातपाय धुतले आणि साठेक पावलांवर नमाजला उभा राहिला. नमाजच्या दुसऱ्या रकातीत असताना डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. धनेशाचे पंख वाजतात, दुरून ऐकू येतात. नमाज तोडून धावावंसं वाटलं, खोटं कशाला बोला. पण धावला नाही. मनात म्हणाला, परफुल हाय ना. तसाच कपाळ टेकून सजद्यात गेला आणि अल्लाकडं दुसरं काही मागायचं सोडून त्यानं त्या दाबणाऱ्या बोटासाठी दुआ मागितली.

परत आला तेव्हा ऊन ढोलीवरून सरकलं होतं. प्रफुल खाली बघून बुटाची लेस बांधत होता.

"आला होता ना? पंख ऐकले मी."

"आला होता," प्रफुल म्हणाला, "पण ढोलीपाशी नाई आला. वरच्या फांदीवर बसला अन् भुर्र."

कॅमेऱ्यावर कितवा फोटो झाला ते सांगणारा आकडा असतो. वाकून एक नजर टाकली असती तरी कळलं असतं. नुरुद्दीनला ते सुचलंसुद्धा, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. भावाचा खिसा तपासायचा का? त्यानं उलट प्रफुलच्याच पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ दे. उद्या येईन तो." दुसऱ्या दिवशी सकाळीच वारलू सांगत आला की मादीनं लिंपण फोडलं, ती बाहेर निघून फांदीवर बसली आहे. हंगाम संपला. नुरुद्दीननं स्टँड उपटला, टोकांची माती पुसली, खोळीत घातला. महिन्याभरानं प्रफुलनं सांगितलं की नागपूरला धुवायला दिलेला सगळा रोल काळा आला, उजेड लागला असणार. "वाईट वाटून नको घेऊ," असं म्हणून नुरुद्दीननंच त्याची समजूत काढली. आता बोला!

डिसेंबरच्या शेवटी बसस्टँडवरच्या चहावाल्याकडं नवं कॅलेंडर लागलं. नुरुद्दीन कप तोंडाला लावून वर बघतो तर धनेश. चोचीत लाल फळ, फटीतून आलेली चोच, त्यावर पडलेलं ते चार-साडेचारचं ऊन. आणि खालच्या कोपऱ्यात वाळक्या वेलीचं वेटोळं. चार दिवस जी चौकट पाखराविना बघितली, तीच होती, पाखरासकट. हात लावायची गरज नव्हती, आपल्या लेकराचं तोंड माणूस गर्दीत ओळखतो तसं त्यानं ओळखलं. खाली छापलं होतं, प्रथम पुरस्कार, छायाचित्र प्रफुल नाकाडे, कुरखेडा.

त्यानं चहा तसाच ठेवला. चहावाला म्हणाला, "काऊन भाऊ, साखर कमी पडली काय?" हा उठून दुकानावर आला आणि शटर अर्धं ओढून बसून राहिला. राग नंतर आला. आधी नुसती लाज वाटत होती, जसं काही चोरी यानंच केली. अख्तरी डबा घेऊन आली तेव्हा म्हणाला, "त्यानं मले सांगतलं असतं ना, तं मी गल्लीत पेढे वाटले असते. नाव त्याचं लावलं असतं तरी वाटले असते. पण तो तोंडावर खोटं बोलला, अख्तरी. मी तिकडं त्याच्यासाठी दुआ मागून राह्यलो होतो अन् हा इकडं लेस बांधून राह्यला होता."

आठ दिवसांनी प्रफुल आला. यावंच लागलं, कॅलेंडर गावभर लागलं होतं. नेहमीसारखा काउंटरच्या आत नाही शिरला, बाहेरच उभा.

"नुरुभाई, तुम्ही नाराज हाय, मले माहीत हाय. पण तुम्हीच इमानदारीनं सांगा. बटण कोणं दाबलं? मी दाबलं ना? कॅमेरा माहा, रोल माहा. मंग फोटो कोणाचा?"

"मंग त्या दिवशी पाखरू आलंच नाई असं काऊन सांगतलं?"

"तुमचं मन मोडन म्हणून. आठ दिवस तुम्ही बसले अन् तुम्ही नसतानाच आलं. कोणत्या तोंडानं सांगू?"

"अन् रोल?"

"एक खोटं बोललो, मंग दुसरं बोला लागलं." प्रफुलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं होतं का खोटं ते देव जाणे. "तुम्ही स्टँड लावला, मान्य. पण स्टँड लावला म्हणून फोटो तुमचा कसा होईन?"

प्रफुल गेल्यावर नुरुद्दीन अख्तरीला म्हणाला, "पाहाय, त्याले खरंच असं वाटते. त्याच्या डोक्यात बटण म्हणजेच फोटो. अकरा वर्षं शिकवलं तरी त्याले समजलंच नाई."

"समजते त्याले. सारं समजते," अख्तरी ताडकन म्हणाली. "धोका दिला तुमाले, केसानं गळा कापला, अन् तुम्ही त्याचीच वकिली करून राह्यले."

"नाई. बेईमान नाई तो, कच्चा हाय. कच्च्या माणसाले माफ करता येते."

अख्तरीला एक दिसत होतं. प्रफुल अडाणी आहे, एवढ्या एका गोष्टीवर नवऱ्याची झोप टिकून होती. अकरा वर्षं आपण चोराला घरात जेवू घातलं हे त्याला सोसलं नसतं. शिकवण्यात आपण कमी पडलो, हे सोसत होतं.

जानेवारीत सत्काराचा कार्यक्रम ठरला. मंडळाचा शिपाई इसरू दुकानात आला. "नुरुभाऊ, रविवारी सकाळी दहाले हॉलवर या. फोटो तुम्हीच काढाचे, अध्यक्षांनी सांगतलं." अख्तरीनं आतून नको नको अशी मान हलवली. नुरुद्दीन म्हणाला, "येतो." बायकोला म्हणाला, "माहं काम हाय ते. ज्याच्या त्याच्या तोंडाकडं पाहून दुकान चालत नाई."

हॉल भरला होता. नुरुद्दीननं मधल्या वाटेत स्टँड रोवला, आपला जुना कॅमेरा बसवला आणि हार, नारळ, शाल सगळं नीट टिपलं. फोटो हलवून टाकावा असं त्याच्या मनात आलं नसेल का? आलं होतं. पण हात तसं करायला तयार होईनात. मग प्रफुल बोलायला उभा राहिला. माइक हातात धरून त्यानं जंगल सांगितलं, ऊन सांगितलं, "पाखराच्या मागं पळायचं नाई, पाखरू जिथी येणार हाय तिथी आधी जाऊन बसायचं," हेही सांगितलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नुरुद्दीन स्वतःचेच शब्द ऐकत उभा होता. शेवटी प्रफुल म्हणाला, "अन् एका माणसाचे आभार मानल्याशिवाय मी खाली बसणार नाई. आमचे नुरुभाई. आठ दिवस यांनी माह्यासोबत जंगलात तो जड स्टँड उचलला. या नुरुभाई, वर या. आपला दोघांचा फोटो झाला पाहिजे."

सगळा हॉल वळून बघू लागला. हमालाला खांद्यावर थाप देऊन बक्षीस द्यावं तशा टाळ्या. नुरुद्दीनचे कान तापले. पण दोनशे माणसांपुढं नाही कसं म्हणणार? त्यानं कॅमेरा मंचावर रोखला, दोन माणसं उभी राहतील तेवढी चौकट धरली, फोकस बांधला, स्क्रू आवळले, फ्लॅश लावला. आणि दाबायला कोण? जवळ इसरू उभा होता. त्याच्या हातात केबल दिली. इसरू घाबरला. "नाई बावा! मी उभ्या जन्मात कॅमेऱ्याले हात नाई लावला. मह्याच्यानं बिघडन!"

नुरुद्दीन मंचावर चढला. प्रफुलनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्या हातात माइक तसाच होता. इसरू अजून "नाई, नाई" करत मागं सरत होता. प्रफुल हसून माइकमध्येच म्हणाला, "अजी इसरूभाऊ, भेता कायले? तुमाले काहीच नाई करा लागत! फोटो तं नुरुभाईनं लावूनच ठेवला हाय. तुम्ही नुसतं बटण दाबा. बटण तं कोणीही दाबते!"

लोक हसले. आवाज भोंग्यातून हॉलभर फिरला, बाहेर रस्त्यापर्यंत गेला. नुरुद्दीननं मान वळवून प्रफुलकडं पाहिलं. प्रफुल अजून हसत होता, मग त्याचं हसू थांबलं. आपण काय बोललो ते त्याच्या कानात आत्ता पोचलं. खांद्यावरचा हात ढिला झाला. तेवढ्यात इसरूनं डोळे मिटून बटण दाबलं आणि फ्लॅश पडला.

कार्यक्रम संपल्यावर नुरुद्दीन सामान बांधत असताना प्रफुल जवळ आला. शाल काढून हातात घेतली होती. "नुरुभाई, ते माह्या तोंडून तसं सहज..."

"सहजच निघालं, म्हणून तं खरं," नुरुद्दीन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "परफुल, एक महिना झाला, मी रोज घरी तुही बाजू घेऊन भांडून राह्यलो. म्हटलं, बेईमान नाई तो, त्याले समजत नाई बिचाऱ्याले. बटणालेच फोटो समजते. माहं शिकवणं कमी पडलं म्हटलं. तेवढ्यावर मी तुले माफ केलं होतं."

प्रफुल हातातल्या शालीची घडी घालू लागला.

"तुले समजत होतं," नुरुद्दीन म्हणाला. "अख्तरी म्हणत होती, मी ऐकलं नाई. तुले त्या दिवशी बटण दाबताना बी समजत होतं."

त्यानं स्टँड खांद्यावर घेतला आणि हॉलच्या पायऱ्या उतरला. मागून प्रफुलनं दोनदा हाक मारली. नुरुद्दीन थांबला नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं जायचं, तर त्याला सांगता येईना, तोंड उघडलं तर रडू फुटेल अशी भीती होती. मग त्यानं हातानंच गेटाची दिशा दाखवली आणि रिक्षात बसून, पन्नास वर्षांचा तो माणूस, भर बाजारातून ओक्साबोक्शी रडत घरी गेला.